उंबरठ्याच्या आतलं सामान

हप्ते थकले तर दुकानदार घरात येऊन सोफा उचलून नेऊ शकतो का? भाडं थकलं तर घरमालक आमचं कपाट, पलंग अडवून ठेवू शकतो का? भाड्याच्या घरात राहणारी माणसं हे दोन प्रश्न नेहमी विचारतात, आणि बहुतेक वेळा फार उशिरा विचारतात. टेम्पो दाराशी लागलेला असतो, शेजारचे गोळा झालेले असतात. अशा वेळी अंगावर येणाऱ्या लाजेमुळे माणूस काही विचारतच नाही. "न्या बाबा काय न्यायचं ते" असं म्हणून मोकळा होतो.

म्हणून हे प्रकरण टेम्पो येण्याच्या आधी वाचावं. उदाहरणासाठी आपण दौंड तालुक्यातलं वरवंड घेऊ. पुणे–सोलापूर महामार्गावरचं हे गाव. एका बाजूला पाटसचा साखर कारखाना, थोडं पुढे कुरकुंभची औद्योगिक वसाहत. अशा गावात नोकरीसाठी आलेली कुटुंबं दोन खोल्या भाड्याने घेतात, आणि त्या खोल्यांत हळूहळू संसार जमतो.

१. एका खोलीत पाच मालक

समजा, कुरकुंभला कारखान्यात काम करणारा एक जण बायको आणि लहान मुलीसह वरवंडला राहतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाच वस्तू आहेत. लोखंडी कपाट बायकोच्या माहेरून लग्नात आलेलं. दिवाण घरमालकाचा, खोलीबरोबरच मिळालेला. फ्रीज फायनान्स कंपनीच्या कर्जातून घेतलेला. सोफा गावातल्या दुकानदाराकडून उधारीवर, "जमेल तसे द्या" या बोलीवर. आणि वॉशिंग मशीन पुण्यातल्या एका कंपनीकडून महिन्याच्या भाड्याने आणलेलं.

पाहुण्याला हा सगळा एकच संसार दिसतो. कायद्याला मात्र इथे पाच वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. कपाट बायकोचं स्त्रीधन आहे. नवऱ्याने कितीही कर्ज काढलं असलं तरी त्याच्या कर्जापोटी ते नेता येत नाही. दिवाण घरमालकाचा, तो विकला तर भाडेकरूच गुन्हेगार ठरेल. वॉशिंग मशीन कंपनीचं. फ्रीजचं पुढच्या भागात पाहू.

सोफ्याचं उत्तर मात्र बहुतेकांना चकित करतं. पैसे दिलेले नसले तरी सोफा या कुटुंबाचाच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार दुकानात समोर तयार असलेली वस्तू विनाअट विकली, की व्यवहार ठरला त्याच क्षणी मालकी घेणाऱ्याकडे जाते. पैसे नंतर द्यायचे ठरले तरी त्याने फरक पडत नाही. वस्तू दुकानात असेपर्यंत "आधी पैसे, मग सोफा" असं म्हणून ती अडवून ठेवण्याचा हक्क दुकानदाराला असतो. सोफा एकदा टेम्पोत चढून गिऱ्हाइकाच्या घरात गेला, की तो हक्क संपतो. त्यानंतर दुकानदार पैसे मागू शकतो, नोटीस पाठवू शकतो, तीन वर्षांच्या आत दावा लावू शकतो. सोफा परत नेऊ शकत नाही, कारण तो आता त्याचा नाही.

उधारीची वही सांभाळणाऱ्या लहान दुकानदाराला हे जाचक वाटेल, आणि त्याची तक्रार खोटी नाही. गावात वीस-पंचवीस जणांकडे पैसे अडकले तर त्याचंच दुकान बुडतं. पण त्याने वस्तू विकलेली असते, आणि विकलेल्या वस्तूची फक्त किंमत मागता येते.

२. मालकी आणि ताबा

इथून पुढचं सगळं समजायला दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. वस्तू कुणाची आहे ही मालकी, आणि वस्तू कुणाच्या हातात आहे तो ताबा. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात. शेळी मालकाची, पण चारापाणी, राखण आणि दावं दुसऱ्याच्या अंगणात. करार मोडला तर मालक शेळी मागू शकतो, पण रात्री कुंपण ओलांडून दावं सोडून नेणं हा वेगळाच प्रकार झाला. मालकी आहे म्हणून ताबा हिसकावण्याचा हक्क आपोआप येत नाही.

ताब्याला कायदा किती मान देतो, याचं एक ठळक उदाहरण चोरीच्या व्याख्येत आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली काही दाखले दिले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये ते कायम ठेवले आहेत. त्यातला एक असा: माणसाने स्वतःचं घड्याळ गहाण ठेवलं, पैसे फेडले नाहीत, आणि गहाणदाराच्या संमतीशिवाय ते उचलून आणलं. घड्याळ त्याचं स्वतःचं असलं तरी ती चोरीच आहे. दुसरा दाखला उलट बाजूचा आहे. दुसऱ्याची वस्तू, ती परत करण्याबद्दल पैसे मिळेपर्यंत ठेवून घ्यायची म्हणून, त्याच्या संमतीविना नेली तर तीही चोरी. पैसे वसूल व्हावेत म्हणून ऋणकोचं सामान जबरीने उचलणं ही चोरी ठरू शकते, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने १८९५ मध्येच म्हटलं होतं. म्हणजे "माझे पैसे येणं आहे" हे वाक्य खरं असलं तरी ते दुसऱ्याचा टीव्ही काढून नेण्याचा परवाना होत नाही.

आता हप्त्यावरच्या फ्रीजकडे वळू. हप्त्यांचे व्यवहार वरून सारखे दिसतात, आत मात्र ते तीन तऱ्हेचे असतात. पहिल्यात कंपनी फक्त कर्ज देते आणि वस्तूवर कसलाही बोजा ठेवत नाही. तिथे कंपनीची स्थिती उधारीवर सोफा देणाऱ्या दुकानदारासारखीच असते. दुसऱ्यात वस्तू तुमची, पण ती कर्जाला तारण लिहून दिलेली असते आणि वापर तुमच्याकडेच राहतो. यालाच हायपोथिकेशन म्हणतात. सोनेतारणात दागिना पतपेढीच्या तिजोरीत जातो, इथे फ्रीज स्वयंपाकघरातच राहतो, एवढा फरक. तिसरी तऱ्हा भाडेखरेदीची. शेवटचा हप्ता भरेपर्यंत वस्तू कंपनीची असते, तुम्ही फक्त भाडेकरू, आणि अखेरीस ती विकत घेण्याचा पर्याय तुम्हाला असतो.

आपला व्यवहार यातला कोणता, हे कराराच्या कागदावर लिहिलेलं असतं. दुकानात बसून मोबाइलवर ओटीपी सांगताना तो कागद कोणी वाचत नाही. नंतर तरी कंपनीकडून त्याची प्रत मागून घ्यावी.

३. एक पियानो आणि एक स्टिरिओ

भाडेखरेदीची जुनी आणि प्रसिद्ध कहाणी इंग्लंडमधली आहे. ब्रूस्टर नावाच्या गृहस्थाने हेल्बी या व्यापाऱ्याकडून ३६ मासिक हप्त्यांवर पियानो घरी आणला आणि काही महिन्यांतच तो मॅथ्यूज या सावकाराकडे गहाण टाकला. हेल्बीने पियानो परत मागितला. १८९५ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने निकाल दिला, की ब्रूस्टरवर पियानो विकत घेण्याचं बंधन नव्हतं, तो कधीही परत करू शकला असता, म्हणून तो भाडेकरूच होता. जे आपलं नाही ते गहाण टाकता येत नाही. पियानो हेल्बीला परत मिळाला. हप्त्यावर वस्तू देणाऱ्यांच्या करारांना या निकालाने भक्कम आधार मिळाला.

दुसरी कहाणी अमेरिकेतली, आणि आपल्या विषयाच्या ती फार जवळची आहे. वॉशिंग्टन शहरात सरकारी मदतीवर सात मुलांना वाढवणाऱ्या विल्यम्स नावाच्या बाईने १९५७ पासून वॉकर-थॉमस या फर्निचरच्या दुकानातून हप्त्यावर एकामागून एक वस्तू घेतल्या. १९६२ मध्ये तिने ५१४.९५ डॉलरचा स्टिरिओ घेतला आणि पुढे हप्ते थकले. दुकानाने फक्त स्टिरिओ मागितला नाही, पाच वर्षांत घेतलेल्या सगळ्याच वस्तू मागितल्या. कराराच्या बारीक अक्षरांत एक कलम होतं: भरलेला प्रत्येक हप्ता सगळ्या वस्तूंच्या बाकीत वाटला जाईल.

हे कलम कसं चालतं ते आकड्यांनी पाहू. तुम्ही १२,००० रुपयांचं कपाट घेतलं, १०,००० भरले, २,००० राहिले. मग त्याच दुकानातून २४,००० चा टीव्ही घेतला. एकूण बाकी २६,०००. त्यानंतर तुम्ही १३,००० भरले. साध्या हिशोबाने आधी कपाटाचे २,००० फिटले, उरलेले ११,००० टीव्हीला गेले, कपाट कायमचं तुमचं झालं. वाटणीच्या कलमाने मात्र १३,००० दोन्ही बाक्यांत प्रमाणात वाटले जातात: कपाटाला १,०००, टीव्हीला १२,०००. म्हणजे १२,००० च्या कपाटानंतर खिशातून एकूण २३,००० गेले तरी कपाटावर १,००० रुपये उभेच. आता हप्ता चुकला तर दोन्ही वस्तू जातात. तिसरी वस्तू घेतली की तिन्ही. शेवटची बाकी फिटेपर्यंत पहिली वस्तू मोकळी होत नाही.

१९६५ मध्ये त्या भागाच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की गरजू माणसाला खरी निवड नसताना इतकं एकतर्फी कलम त्याच्या गळ्यात मारलं असेल तर न्यायालयाने ते अंमलात आणू नये, आणि प्रकरण फेरतपासणीसाठी खाली पाठवलं. आपल्याकडे एकाच कंपनीकडून मोबाइल, मग मिक्सर, मग फ्रीज असं घेत जाणाऱ्यांनी प्रत्येक कर्जाचा क्रमांक आणि हिशोब वेगळा आहे की एकत्र, एवढं तरी विचारून घ्यावं.

भारतात संसदेने १९७२ मध्ये भाडेखरेदी कायदा केला. किमतीचा ठरावीक हिस्सा फिटल्यावर मालकाने न्यायालयाशिवाय वस्तू परत नेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. तो कायदा कधीच लागू झाला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. माझ्या मते हप्त्यावर संसार उभा करणाऱ्या लाखो कुटुंबांचं त्यात मोठं नुकसान झालं. जे संरक्षण एका कलमात स्पष्ट मिळालं असतं, ते आता वेगवेगळ्या कायद्यांतून शोधावं लागतं.

४. गाडी रस्त्यावर असते, सोफा घरात

"पण गाड्या तर उचलून नेतात!" हा आक्षेप हमखास येतो. खरं आहे. भाडेखरेदीत सगळे हप्ते फिटेपर्यंत मालकी वित्तपुरवठादाराची, म्हणून त्याने करारानुसार गाडी ताब्यात घेतली तर ती चोरी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अनुप सरमा यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. पण त्याच न्यायालयाने २०११ मध्ये सिटिकॉर्प मारुतीच्या प्रकरणात बजावलं होतं, की वसुली कायदेशीर मार्गानेच व्हावी, बळाने नाही. २००७ मध्ये प्रकाश कौर यांच्या प्रकरणात बँकांनी गुंड लावून वसुली करण्यावर त्याने कडक ताशेरे ओढले होते.

या निकालांतल्या वस्तू म्हणजे वाहनं, आणि वाहन रस्त्यावर, पार्किंगमध्ये उभं असतं. सोफा, फ्रीज, कपाट यांच्यापर्यंत पोचायला दार ओलांडावं लागतं. धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या राहत्या घरात शिरणं हा गृहअतिक्रमणाचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर भाड्याचं असलं म्हणून फरक पडत नाही. कायदा तिथे घराची मालकी विचारत नाही, घर कुणाच्या ताब्यात आहे ते विचारतो.

म्हणून आपल्या उदाहरणातल्या वॉशिंग मशीनचं उत्तर असं: कंपनी त्याची मालक आहे, ती ते परत मागू शकते, आणि कुटुंबाने ते द्यायलाही हवं. पण "आत येऊ नका" असं सांगितल्यावर कंपनीचा माणूस दार ढकलून आत येऊ शकत नाही. मग कंपनीला न्यायालयात जाऊन वस्तू परत मिळवण्याचा दावा करावा लागतो. उलट कुटुंबाने ते मशीन विकून टाकलं, किंवा रातोरात खोली सोडून बरोबर नेलं, तर विश्वासघाताचा गुन्हा त्यांच्यावर येतो.

५. घरमालकाचा हक्क कुठे थांबतो

घरमालकाला वाटतं, सामान माझ्या खोलीत आहे, म्हणजे भाड्याच्या बाकीपोटी ते मला अडवता येईल. ही समजूत फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं तो कायदाच होता: भाडं थकलं की मालक न्यायालयात न जाता भाडेकरूचं सामान जप्त करून विकू शकत असे. हा जुना हक्क तिथे एप्रिल २०१४ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे १८८२ च्या इलाखा लघुवाद न्यायालय कायद्यात भाड्यासाठी जप्तीचं एक प्रकरण घातलं गेलं, पण ते मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन शहरांपुरतं होतं. आणि तिथेही अर्ज न्यायालयाकडेच करायचा असे. पुणे जिल्ह्यातल्या गावांत घरमालकाला असा हक्क नव्हता आणि नाही.

त्याला जे करता येतं ते असं: अनामत रकमेतून करारानुसार बाकी वळती करून घेणं, नोटीस देणं, भाड्यासाठी आणि खोली रिकामी करून मिळण्यासाठी दावा लावणं. भाडेकरू कामावर गेलेला असताना खोलीला स्वतःचं कुलूप लावणं यात बसत नाही. भाडेकरूला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकीचा प्रश्न निघत नाही.

घरमालकाच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. भाडेकरूच्या हप्त्यांसाठी आलेला माणूस कधी कधी घरमालकालाच म्हणतो, "दार उघडून द्या, आम्ही आमची वस्तू घेऊन जातो." घरमालकाने तसं करू नये. त्या वस्तूंचा ताबा त्याच्याकडे नाही, आणि भाडेकरूच्या गैरहजेरीत काय गेलं, काय राहिलं, याची जबाबदारी मात्र त्याच्यावर येऊन पडते. भाडेकरारालाच घरमालकाच्या वस्तूंची यादी जोडलेली असली, तर कुणाचा दिवाण कुणाच्या नावावर उचलला गेला हा वाद उभाच राहत नाही.

६. करडे, १८७४

कर्जासाठी घरात शिरण्याच्या या प्रश्नावर आपल्याच मुलखात एकदा मोठा भडका उडाला होता, आणि त्याची झळ थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोचली होती.

शिरूर तालुक्यातलं करडे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने देशमुखांचं घर पाडायला घेतलं. कागद त्याच्या बाजूचा होता, आणि न्यायालयही. तरी गावाला ते सहन झालं नाही. करड्याने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या घरी कोणी पाणी भरेना, न्हावी जाईना, शेतात राबेना. ही बातमी गावोगाव गेली.

त्यामागे बरीच वर्षं साठलेलं दुःख होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच नव्या जमाबंदीने शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदत कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. ती शेतकऱ्याच्या भल्यासाठी होती, पण घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार जुनं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. अंगठा उठवणाऱ्याला त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. न्यायालयात दावा लागला तर बहुतेक शेतकरी हजरच राहत नसत, आणि एकतर्फी हुकूमनामे निघत.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार. वरवंडहून पुण्याकडे निघालं की चौफुला लागतो, तिथून मोरगावच्या रस्त्यावर हे सुपे आहे. तेव्हा ते आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग एकाच भीमथडी तालुक्यात होता. आजूबाजूच्या गावांतून लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगीही लागल्या. पण जमावाला सगळ्यांत आधी हवे होते कर्जरोखे आणि वह्या. ते मागून घेतले, आणि जाळले. जिथे सावकाराने कागद निमूट दिले तिथे माणसांना सहसा हात लागला नाही. पुढच्या दोन महिन्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे गेला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. नुसत्या रोख्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्याचं काम त्याने न्यायाधीशावर टाकलं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणं बंद झालं. जमीन खास गहाण लिहून दिली नसेल तर तिच्यावर जप्ती आणता येईना. न्यायालयाला हप्ते बांधून देता येऊ लागले. भरलेल्या पैशांची पावती आणि वर्षाचा हिशोब मागण्याचा हक्क मिळाला. आज कंपनीकडे आपण कर्जखात्याचा उतारा मागतो, तशी मागणी या मुलखातल्या शेतकऱ्याला पहिल्यांदा त्या कायद्याने करता आली. आणि तो हक्क मिळायच्या आधी सुप्याच्या बाजारात कागदांची होळी झालेली होती, हे दौंड-शिरूरच्या शाळांत शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

७. बेलिफ दारात आला तर

कर्ज देणाऱ्याने दावा लावला, जिंकला, हुकूमनामा मिळाला, तरी पैसे आले नाहीत. मग तो न्यायालयात दरखास्त दाखल करतो आणि जप्तीचं वॉरंट निघतं. ते घेऊन येतो तो बेलिफ. तो न्यायालयाचा नोकर. त्याला अडवणं हा गुन्हा आहे. पण त्यालाही नियम आहेत, ते १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेले आहेत.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. घर ऋणकोच्या ताब्यात असून तो आत येऊ देत नसेल तरच बाहेरचं दार तोडता येतं. हे झालं कलम ६२. त्याच्या आधीचं कलम ६० त्याहून महत्त्वाचं, कारण काय जप्त करता येणार नाही याची यादी त्यात आहे: ऋणको, त्याची पत्नी आणि मुलं यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग आणि अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, आणि उपजीविकेला आवश्यक तेवढी जनावरं आणि बियाणं. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहत असलेलं त्याच्या मालकीचं घर, आणि त्या घराचं साहित्यसुद्धा, म्हणजे लाकूड, विटा, पत्रे. घराचं साहित्य वाचवणारी ही तरतूद १८८२ च्या संहितेतही होती. देशमुखांच्या पाडलेल्या घराची गोष्ट माहीत असली, की या रुक्ष कलमाकडे पाहण्याची नजर बदलते.

मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बाईचं शिलाई मशीन हत्यारांत मोडतं. टीव्ही, सोफा, फ्रीज यांना असं संरक्षण नाही. माणसाला निजायला, रांधायला आणि कमवायला जे लागतं तेवढं कायद्याने राखून ठेवलं आहे.

ऋणकोच्या घरात सापडलेली दुसऱ्या कुणाची वस्तू जप्तीत गेली, तर त्या माणसाला आदेश २१, नियम ५८ खाली हरकत घेता येते. नवऱ्यावरच्या हुकूमनाम्यात बायकोचं माहेरचं कपाट उचललं गेलं, घरमालकाचा दिवाण गेला, भाड्याचं वॉशिंग मशीन गेलं, तर मार्ग हाच. मात्र हरकत विक्रीपूर्वी घ्यावी लागते, उशीर चालत नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचावा, आणि "ही वस्तू अमक्याची आहे" हे त्यातच लिहून घ्यायला सांगावं.

८. टेम्पो येण्याआधीची कागदपत्रं

दारात आलेल्या माणसाला आधी विचारावं: तुम्ही न्यायालयाकडून आला आहात, की कंपनीकडून? बेलिफाकडे वॉरंट असतं. वसुली एजंटाकडे फार तर कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र असतं, आणि ते दाखवणं त्याला भाग आहे. बँका आणि वित्तकंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा, मित्रांचा छळ करू नये, असं रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी बजावलं आहे. तक्रार आधी कंपनीकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हे नियम फर्निचरच्या दुकानदाराला किंवा वस्तू भाड्याने देणाऱ्या कंपनीला लागू नाहीत. तिथे ग्राहक आयोग, आणि जबरदस्ती झाली तर पोलीस ठाणं.

पैसे खासगी सावकाराकडून घेतले असतील तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागतो. विनापरवाना सावकारीला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या कार्यालयात करता येते. पोलीस ठाण्याची पायरी चढायला बिचकणारी माणसं तिथे सहज जाऊ शकतात.

हप्ते खरोखरच पेलत नसतील तर वस्तू आपणहून परत देणं हा चांगला मार्ग आहे. फक्त एक लक्षात ठेवावं: वस्तू दिली म्हणजे कर्ज संपलं, असं आपोआप होत नाही. कंपनी ती जुन्या मालाच्या भावाने विकते आणि उरलेली रक्कम पुन्हा मागते. म्हणून परत देताना वस्तूचं वर्णन, तिची अवस्था, तारीख, धरलेली किंमत आणि त्यानंतरची बाकी, हे सगळं लिहून सही-शिक्क्यासह घ्यावं. बाकी शून्य ठरली असेल तर "बाकी काही नाही" असा दाखला मागावा.

वकिलाची फी परवडत नसेल तरी न्यायालयाची पायरी बंद होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातलं कुरकुंभचं जोडपं त्यात दोन्ही बाजूंनी बसतं. न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जावं, तिथे व्याज सोडून देणं आणि हप्ते बांधून देणं पुष्कळदा जमतं. पण तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी महिन्याला जमेल तेवढाच हप्ता कबूल करावा, आणि वस्तू कुणाकडे राहणार हेही त्यात लिहून घ्यावं. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि तो मोडला तर पुढची पायरी थेट जप्तीची दरखास्त असते.